‘फाइन’ म्हणजे नेमकं कसं?

स्पोकन इंग्लिशच्या कुठल्याही क्लासात पहिल्याच आठवड्यात ‘हाउ आर यू?’ शिकवतात आणि त्याच दमात उत्तरही घोकून घेतात: ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू.’ मग भावनांची यादी येते: हॅपी, सॅड, अँग्री, टायर्ड, बोअर्ड. थोडं पुढे गेलं की ‘ओव्हर द मून’, ‘फीलिंग ब्लू’, ‘अंडर द वेदर’ असे वाक्प्रचार, समोर त्यांचे मराठी अर्थ. यादी पाठ होते, परीक्षाही निभते. पण लीड्समधल्या साहेबाशी किंवा टेक्ससमधल्या क्लायंटशी बोलायची वेळ आली की हाच माणूस अडखळतो. शब्द त्याच्याकडे असतात. कुठला शब्द किती वजनाचा आणि तो कुणासमोर काढायचा, हे मात्र यादीत लिहिलेलं नसतं. मनाची अवस्था सांगणाऱ्या रोजच्या इंग्रजीत खरी गोम आहे ती या वजनमापात.

आधी तो प्रश्नच घेऊ. ‘हाउ आर यू?’ हा बहुतेक वेळा प्रश्न नसतोच. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मूळच्या पोलिश मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. आपली ओळख आहे, आपल्यात वाकडं काही नाही, एवढंच कळवणारं हे बोलणं. त्यात माहितीची देवाणघेवाण नसते. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. ‘काय, जेवण झालं का?’ असं जिन्यात विचारणाऱ्या शेजाऱ्याला आपण आमटीभाजीचा तपशील देत नाही. तरी इंग्रजीत शिरलो की आपण प्रश्न शब्दशः घेतो आणि गुडघेदुखीपासून सुरुवात करतो. इंग्लंडमध्ये तर ‘यू ऑल राइट?’ असं विचारतात. नवखा माणूस दचकतो, आपला चेहरा उतरलाय की काय म्हणून. तिथे ‘यस, यू?’ एवढं चालता चालता म्हटलं की काम झालं. जुन्या पिढीच्या ‘हाउ डू यू डू?’ला तर ‘हाउ डू यू डू?’ हेच उत्तर होतं.

उत्तरांमध्ये देश ओळखू येतो. इंग्रज माणूस ‘नॉट टू बॅड’, ‘कान्ट कम्प्लेन’ म्हणतो. जुनाजाणता असेल तर ‘मस्टन्ट ग्रम्बल’, म्हणजे कुरकुर करू नये. आयरिश माणूस ‘ग्रँड’ म्हणतो, पण त्यात भव्यदिव्य काही नसतं. आपलं ‘बरं चाललंय’ तेवढंच ते. अमेरिकन माणूस त्याच अवस्थेला ‘ग्रेट!’ म्हणतो. ऑस्ट्रेलियन ‘क्रुक’ म्हणाला तर तो आजारी आहे. उत्तर इंग्लंडात आणि मिडलंड्समध्ये फुरंगटून बसलेलं पोर ‘मार्डी’ असतं आणि स्कॉटलंडमध्ये वैतागलेला माणूस ‘स्कनर्ड’. असे प्रांतीय शब्द मुद्दाम शिकायच्या भानगडीत पडू नये. ऐकून कळले की पुरे.

ब्रिटिशांची ही हात राखून बोलायची सवय पुणेकराला तरी परकी वाटू नये. ‘वाईट नाही’ ही ज्या गावात वरच्या पट्टीतली दाद आहे, तिथल्या माणसाला ‘नॉट बॅड’ कळायलाच हवं. अडचण येते ती उलट बाजूने, म्हणजे नाराजी व्यक्त होते तेव्हा. समजा, हिंजवडीतल्या टीमला सोमवारी सकाळी लीड्सहून मेल येते. मॅनेजर लिहितो की वेळापत्रकाबद्दल तो ‘अ बिट कन्सर्न्ड’ आहे. टीममधलं कुणी ते ‘थोडी काळजी वाटतेय’ असं वाचतं आणि ‘नो वरीज, वी विल मॅनेज’ असं हसरं उत्तर धाडून चहाला जातं. तिकडे मॅनेजरला वाटतं की आपण इतकं कडक लिहूनही यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. ‘अ बिट’ने तिथे भावना कमी झालेली नसते, फक्त झाकलेली असते. ‘अ बिट डिसअपॉइंटेड’ हे त्याहून वाईट. ते आलं की फोन उचलावा. ‘क्वाइट’ची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिकन माणसाचं ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी कौतुक, ब्रिटिश माणसाचं ‘क्वाइट गुड’ म्हणजे ठीक, चालेल.

अमेरिकेत सगळं चढ्या भावात. सँडविच ‘ऑसम’ असतं, मीटिंगबद्दल माणूस ‘सुपर एक्सायटेड’ असतो, नोकरी बदलली की ‘थ्रिल्ड’. लिंक्डइन उघडलं तर रोमांचित न झालेला माणूस सापडणं कठीण. ही महागाई एकदा ध्यानात आली की दर लावता येतो: ‘थ्रिल्ड’ म्हणजे खूश, ‘हॅपी’ म्हणजे हरकत नाही आणि ‘ओके’ म्हणजे काहीतरी बिनसलंय. गंमत म्हणजे हे ‘ओके’च मुळात थट्टेतून आलं. १८३९ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणून ते छापलं गेलं आणि पुढे जगभर पसरलं.

काही शब्द भावनेचा वेष घालून येतात, पण त्यांना भावनेशी देणंघेणं नसतं. ‘आय अ‍ॅम अफ्रेड, ही इज नॉट इन’ म्हणणारी रिसेप्शनिस्ट घाबरलेली नसते. नकाराला ती मखमल लावते. ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणजे पुष्कळदा ‘मला नको’. ‘आय अ‍ॅम डाइंग फॉर अ कॉफी’ म्हणणारा ठणठणीत असतो. ‘सॉरी’ची तर बातच नको. केट फॉक्स या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्वतः मुद्दाम रस्त्यात लोकांना धक्के देऊन पाहिले आणि ‘वॉचिंग द इंग्लिश’ या २००४ सालच्या पुस्तकात नोंद केली: धक्का खाणारे इंग्रज बहुतेक वेळा स्वतःच ‘सॉरी’ म्हणाले.

आपल्या लोकांच्या ठरावीक चुका आता पाहू, कारण त्या टाळता येतात. ‘सिक’ हा पहिला खड्डा. अमेरिकेत ‘आय वॉज सिक’ म्हणजे आजारी होतो. ब्रिटनमध्ये त्याचा पहिला अर्थ ‘मला उलटी झाली’ असा निघू शकतो आणि ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय. रजेच्या अर्जात ‘इल’ किंवा ‘अनवेल’ लिहावं. ‘मॅड’ अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये वेडा. ‘पिस्ड’ अमेरिकेत संतापलेला, ब्रिटनमध्ये झिंगलेला. तसंही हा शब्द ऑफिसात काढायचा नाही. ‘टेन्स्ड’ हा आपला खास भारतीय शब्द. ‘आय अ‍ॅम टेन्स्ड’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण तिकडे मनासाठी ‘टेन्स’ म्हणतात. ‘टेन्स्ड’ होतात ते स्नायू. ‘माय मूड इज ऑफ’ हेही इथलंच. त्याला चूक म्हणायला माझं मन धजत नाही, कारण कोट्यवधी लोक ते बोलतात आणि एकमेकांना ते नीट कळतं. मँचेस्टरला मात्र ते कळणार नाही, एवढं लक्षात ठेवावं.

‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांची अदलाबदल ही त्याहून जुनी दुखरी जागा. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणजे ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ आणि ‘आय अ‍ॅम एक्सायटिंग’ म्हणजे तर भलतंच. चूक का होते, हे क्लासात सहसा सांगत नाहीत. मराठीत भावना बाहेरून येते आणि माणसाला गाठते. मला राग आला, मला कंटाळा आला, मला भीती वाटते, मला आवडतं. कर्ता राग किंवा कंटाळा असतो आणि ‘मला’ नुसता समोर सापडलेला. इंग्रजीत ‘मी’ स्वतःच रागावलेला ‘असतो’. म्हणजे वाक्याची बैठकच बदलते, आणि ती बदलताना शेपटीतला प्रत्यय चुकतो.

इंग्रजीही कायम अशी नव्हती, हे फारसं सांगितलं जात नाही. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’ हे क्रियापद उलट चाले. वस्तू मला ‘लाइक’ होई, अगदी आपल्या ‘मला आवडतं’सारखं. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारं ‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटतं’. त्यातला ‘मी’ हा इंग्रजीतला ‘मला’च आहे. मधल्या काही शतकांत इंग्रजीची विभक्तिरूपं झिजली, कर्त्याची जागा वाक्याच्या आरंभी पक्की झाली आणि ‘मला’चा ‘आय’ झाला. शेजारच्या आयरिश गेलिक भाषेत आजही दुःख माणसाच्या ‘अंगावर’ असतं, आणि तेच वाक्य माफी मागायलाही वापरतात. शाळेत हा इतिहास सांगितला तर ‘बोअर्ड-बोअरिंग’ची निम्मी भीती जाईल असं मला वाटतं. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. एवढा काळ हाताशी असूनही आपण हे दोन प्रत्यय तक्त्यावरच शिकवतो आहोत.

आता शब्दांच्या कुळाकडे. ‘हॅपी’ ज्या ‘हॅप’वरून आला त्याचा अर्थ दैव, योगायोग, ‘हॅपन’ आणि ‘परहॅप्स’ त्याचेच भाऊबंद. म्हणजे सुखी तो, ज्याचं नशीब बरं. ‘सॅड’चा जुना अर्थ पोट भरलेला, तृप्त असा होता. तृप्तीतून जडपणा, जडपणातून गांभीर्य आणि तिथून खिन्नता, असा त्याचा प्रवास. ‘ह्यूमर’ म्हणजे मुळात शरीरातला द्रव. ग्रीक वैद्यकात असे चार द्रव मानले जात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. काळ्या पित्ताचं ग्रीक नाव म्हणजेच ‘मेलन्कली’. वैद्यक मोडीत निघालं तरी त्याचे शब्द भाषेत राहिले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपलंही पित्त अजून खवळतंच.

बोलीतले शब्द याहून रांगडे. ‘नॅकर्ड’ म्हणजे थकून गळाठलेला. ‘नॅकर’ हा म्हातारे घोडे विकत घेऊन कापणारा. ‘गटेड’ म्हणजे मासा साफ करताना आतडी काढावीत तसा आतून रिकामा झालेला, आणि तो वापरतात मॅच हरल्यावर. ‘ओव्हर द मून’ आणि ‘सिक अ‍ॅज अ पॅरट’ ही ब्रिटिश फुटबॉलच्या मुलाखतींमधली जोडगोळी. जिंकलं की पहिलं, हरलं की दुसरं. १९७०च्या दशकात ती इतकी वापरली गेली की लोक तिची टिंगल करू लागले, आणि आज ती बहुधा थट्टेतच ऐकू येते. वाक्प्रचारांच्या याद्या इथेच फसवतात. पुस्तकात वाक्प्रचार जिवंत असतो, रस्त्यावर शिळा. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ इंग्रजांपेक्षा आपण जास्त वापरतो, तशीच गत ‘ऑन क्लाउड नाइन’ची. याउलट ‘हँग्री’, म्हणजे भुकेने आलेली चिडचिड, हा कालपरवाचा वाटणारा शब्द २०१८ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत दाखल झाला. त्याआधी २०१५ साली ऑक्सफर्डने ‘वर्षाचा शब्द’ म्हणून आनंदाश्रू ढाळणारा इमोजी निवडला होता. तो शब्द आहे का, या वादात मी पडत नाही.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली दाखवून दिलं की या शब्दांमागे ठरावीक चित्रं असतात. इंग्रजीत आनंद वर असतो आणि दुःख खाली. राग हा बंद भांड्यात तापणारा द्रव असतो. मराठीतही मन खचतं, डोकं तापतं, म्हणजे चित्रं बरीचशी जुळतात. अवयव मात्र जुळत नाहीत. परीक्षेआधी इंग्रजाच्या पोटात फुलपाखरं उडतात, आपल्या पोटात गोळा येतो. फुलपाखरांमध्ये जराशी हौसही मिसळलेली असते, गोळ्यात ती नसते. म्हणून डोळे मिटून एकाच्या जागी दुसरं ठेवू नये.

भावना सगळ्या माणसांच्या सारख्याच असतात की भाषा त्यांना घडवते, हे भांडण शास्त्रज्ञांमध्ये जुनं आहे. पॉल एकमन १९६७ साली पापुआ न्यू गिनीत गेले आणि फोरे लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून त्यांनी मांडलं की काही मूलभूत भावना सगळीकडे ओळखल्या जातात. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या पोलिश भाषाशास्त्रज्ञ आना व्हिएजबित्स्का यांचा आक्षेप साधा आणि नेमका होता: ‘सॅड’, ‘अँग्री’ हे इंग्रजीचे घरगुती शब्द आहेत, ते मानवजातीची मोजपट्टी कशी होतील? लिसा फेल्डमन बॅरेट आणखी पुढे जाऊन म्हणतात की भावना मेंदूत तयार ठेवलेल्या नसतातच, त्या अनुभवातून आणि संकल्पनांमधून दर वेळी घडतात. मला व्हिएजबित्स्काबाईंचं म्हणणं पटतं. दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही ते पटेल. या वादापलीकडे एक निष्कर्ष उपयोगाचा आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची धावपळ कमी होते. आपल्याला काय होतंय हे नेमकं म्हणता येणं हाच थोडा उतारा असतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. नाव कुठल्या भाषेतलं असावं, अशी अट त्यात नाही.

भावनांचं इंग्रजी आता विकलंही जातं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’मध्ये विमानातल्या परिचारिकांचं काम अभ्यासलं आणि पगाराच्या बदल्यात विशिष्ट भावना दाखवण्याला ‘इमोशनल लेबर’ म्हटलं. नवी मुंबई, पुण्याच्या कॉल सेंटरांत आपल्या मुलामुलींनी हेच काम रात्रपाळीत केलं आहे. समोरचा शिव्या घालत असताना ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड हाउ यू फील’ हे वाक्य शांत आवाजात म्हणायचं, आणि म्हटलं की नाही हे तपासायला रेकॉर्डिंग ऐकणारा वेगळा माणूस. इतकं घासलेलं वाक्य खऱ्या दुःखात वापरलं की पोकळ वाजतं. कुणाचं माणूस गेलं असेल तर ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ एवढं म्हणावं आणि गप्प बसावं.

आणि मग ते शब्द, जे इंग्रजीतून निघून आपल्या माजघरात येऊन बसलेत: टेन्शन, मूड, बोअर, फ्रस्ट्रेशन, डिप्रेशन. तिकडेही त्यांचा काटा ढळलेलाच आहे. ‘स्ट्रेस’ हा लोखंडावर पडणाऱ्या ताणाचा, इंजिनिअरांचा शब्द. हान्स सेल्ये यांनी १९३६ पासूनच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे तो शरीराला लावला आणि तिथून तो घराघरांत गेला. ‘बर्नआउट’ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली शास्त्रीय लेखनात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद नोकरीतल्या स्थितीची म्हणून केली आणि हा आजार नव्हे असं स्पष्टही केलं. तरी रविवारी संध्याकाळचा कंटाळाही आज ‘बर्नआउट’ असतो आणि मालिका संपली की ‘डिप्रेशन’ येतं. शब्द स्वस्त झाला की ज्याला खरंच तो लागतो त्याची पंचाईत होते, कारण त्याचं कुणी मनावर घेत नाही.

याची दुसरी बाजू गोव्यात दिसली. १९९६ साली तिथे ‘संगथ’ ही संस्था सुरू करणाऱ्यांपैकी डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या बायकांचं ऐकत होते. नैराश्य असलेल्या बायका ‘डिप्रेशन’ म्हणत नव्हत्या. त्या अंगदुखी, थकवा, झोप न लागणं सांगत, आणि कारण विचारलं तर म्हणत: टेन्शन. पैशाचं, नवऱ्याच्या दारूचं, घरातल्या कटकटीचं. इंग्रजीतून उसना आलेला हा शब्द त्यांच्या तोंडी इतका भरलेला होता की डॉक्टरांनाच तो शिकावा लागला. पटेलांनी त्याआधी झिम्बाब्वेत काम केलं होतं. तिथली शोना भाषा याच अवस्थेला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणं, असं म्हणते, आणि २०१३ साली आलेल्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या ग्रंथात या संकल्पनेची नोंद आहे. ‘तू फार विचार करतोस’ हे आपल्या आयाही म्हणत आल्यात.

डॉक्टरसमोर बसल्यावर म्हणूनच वाक्प्रचार खिशात ठेवावेत. परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्याकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना हे आवर्जून सांगायला हवं. ‘फीलिंग लो’, ‘नॉट मायसेल्फ’ अशी दोनचार साधी वाक्यं पुरतात. पुढे सांगायचं ते किती दिवस, दिवसाच्या कुठल्या वेळी, झोप-भूक-काम यांचं काय झालं. नैराश्य तपासायला जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही २००१ सालची प्रश्नावली हेच विचारते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांपुरते, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, त्रास किती दिवस झाला त्यावरून. ती मराठीतही मिळते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडे दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे रुग्णाला पडत नाहीत. संकोच न करता मागावा, आणि घरातल्या लहान मुलाला दुभाषी करून आईच्या मनातलं त्याच्या तोंडून वदवू नये.

आणि इथे, भारतात असाल तर एवढीही यातायात नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.